नावावरून फाइलीचा शोध : डायनॅमिक लिंकरचे कार्य

संगणकावर चित्रे दाखविणारी एखादी आज्ञावली घेऊन तिची फाइल तपासून पाहिली, तर ती अपुरी असल्याचे आढळून येते. पीएनजी पद्धतीने साठविलेले चित्र उलगडण्याच्या आज्ञा तीत नसतात. दाबून लहान केलेली माहिती पूर्ववत् करण्याच्या नसतात. फार काय, फाइल उघडणे, स्मृतीतील जागा मागून घेणे अशा नित्याच्या कामांच्या आज्ञाही तीत पुऱ्या नसतात. त्यांच्या जागी केवळ काही नावे नोंदलेली असतात : 'लिबपीएनजी१६.एसओ.१६', 'लिबसी.एसओ.६' इत्यादी. (ही नावे संगणकात रोमन लिपीत असतात, येथे ती उच्चाराप्रमाणे नागरीत दिली आहेत.) प्रत्येक नाव एका स्वतंत्र फाइलीचे असते. ती फाइल संगणकात कोणत्या जागी ठेवली आहे, हे मात्र आज्ञावलीत बहुधा सांगितलेले नसते.

अशा फाइलींस सामायिक लायब्रऱ्या म्हणतात, कारण एकच लायब्ररी अनेक आज्ञावलींच्या उपयोगी पडते. आज्ञावली सुरू करताच, तिची पहिली आज्ञा पार पडण्यापूर्वी, या नावांच्या फाइली शोधून काढून त्या तिला जोडून द्याव्या लागतात. हे काम करणाऱ्यास डायनॅमिक लिंकर असे नाव आहे. तो कोठे शोधतो, कोणत्या क्रमाने शोधतो आणि एखादी फाइल हाती लागल्यावर ती 'हवी तीच' आहे हे कशावरून ठरवितो, हे प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतात. वस्तुतः संगणकाची सुरक्षितता काही अंशी त्यांच्या उत्तरांवर अवलंबून आहे. पुढील विवेचन ६४ बिटांच्या संगणकांवरील जीएनयू-लिनक्स प्रणालीस अनुसरून केले आहे. केरळातील शाळांसाठी काइट या संस्थेने तयार केलेली प्रणाली आणि सी-डॅकची 'बॉस' ही प्रणाली या दोन्ही याच कुळातील असल्याने विद्यार्थ्यांस हे सर्व प्रत्यक्ष पडताळून पाहणे शक्य आहे.

कपाटातील फितींपासून

'लायब्ररी' हा शब्द या शास्त्रात फार जुना आहे. केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक हा संगणक मे १९४९ मध्ये प्रथम चालला. वर्गमूळ काढणे, संख्या छापणे यांसारख्या वारंवार लागणाऱ्या कामांच्या आज्ञा तेथे कागदी फितींवर छिद्रे पाडून कपाटात जपून ठेवीत. १९५१ पर्यंत अशा ८७ उप-आज्ञावली जमा झाल्या होत्या. ज्यास जी हवी असेल त्याने ती फीत कपाटातून काढावी, तिची नक्कल आपल्या फितीवर उतरवून घ्यावी आणि मूळ फीत परत ठेवावी, असा रिवाज होता. म्हणजे पुस्तक घरी नेण्याऐवजी त्यातील हवी ती पाने उतरवून घेण्यासारखेच हे होते.

अशी नक्कल करून घेण्याच्या पद्धतीस स्थिर जोडणी म्हणतात. ती सोपी व निर्धोक आहे. पण तिच्यात एक मोठी उणीव आहे. मूळ फितीत चूक सापडली, तर पूर्वी ज्यांनी नकला नेल्या त्यांच्यापर्यंत ती दुरुस्ती आपोआप पोचत नाही. या उणिवेची जाणीव मार्च २००२ मध्ये सर्वांस झाली. झां-लू गेली आणि मार्क अ‍ॅडलर यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेली 'झेडलिब' ही माहिती दाबून लहान करणारी लायब्ररी तोपर्यंत जवळजवळ सर्वत्र पसरली होती. स्मृतीचा एकच तुकडा दोनदा परत केला जाण्याचा दोष तीत आढळला, आणि १.१.४ या आवृत्तीने तो दूर झाला. ज्या आज्ञावली झेडलिब सामायिक म्हणून वापरीत होत्या, त्या एक फाइल बदलताच सुधारल्या. ज्यांनी तिची नक्कल आपल्या पोटात घेतली होती, त्या मात्र एकेक हुडकून नव्याने बांधाव्या लागल्या. खुद्द लिनक्सच्या गाभ्यातही अशी एक नक्कल होती.

नक्कल न करता चालू वेळी जोडणी करण्याची कल्पना काही नवी नाही. एमआयटी, बेल प्रयोगशाळा व जनरल इलेक्ट्रिक यांनी १९६५ मध्ये हाती घेतलेल्या 'मल्टिक्स' या प्रणालीत एखाद्या उप-आज्ञावलीचे नाव प्रथम उच्चारले जाताच यंत्र थबकत असे आणि ठराविक 'शोधनियमां'नुसार ती शोधून जोडली जात असे. आधीच जोडलेले भाग, नंतर जेथून हाक आली ती डिरेक्टरी, नंतर चालू कामाची डिरेक्टरी, मग प्रणालीच्या लायब्रऱ्या, असा सामान्यतः क्रम असे. आणि वापरणारास तो बदलताही येई. आजच्या लिंकरचे बहुतेक सारे गुणदोष येथेच बीजरूपाने दिसतात. पुढे सन मायक्रोसिस्टिम्सने १९८८ मध्ये सनओएस ४.० बरोबर ही सोय युनिक्सच्या जगात रूढ केली. लिनक्समध्ये आरंभी प्रत्येक सामायिक लायब्ररीस स्मृतीतील एक ठराविक पत्ता नेमून द्यावा लागे. १९९५ च्या सुमारास 'ईएलएफ' हा फाइलींचा साचा स्वीकारला गेला, तेव्हा हे बंधन गेले.

शोधाचा क्रम

आज्ञावली सुरू करण्याची सूचना मिळताच प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, तिची फाइल स्मृतीत मांडतो. त्या फाइलीच्या आरंभीच्या भागात आणखी एका फाइलीचा संपूर्ण पत्ता असतो. ही दुसरी फाइल म्हणजेच डायनॅमिक लिंकर. लिंकरचा शोध घेणारा दुसरा कोणी नसल्यामुळे त्याचा तेवढा पत्ता पुरा लिहावा लागतो. कर्नल त्यास स्मृतीत आणतो आणि सूत्रे त्याच्या हाती देतो. लिंकर आज्ञावलीतील 'आवश्यक' अशी खूण असलेली नावे एकामागून एक वाचू लागतो.

नावात तिरकी रेघ असेल, तर ते नाव नसून पत्ताच आहे असे समजून लिंकर सरळ तेथे जातो. नुसते नाव असेल, तर त्या नावाची लायब्ररी याच आज्ञावलीसाठी आधी आणली गेली आहे काय, हे तो प्रथम पाहतो. आणली असेल तर शोध तेथेच संपतो. नसेल तर पुढील जागा क्रमाने धुंडाळल्या जातात.

पहिला मान 'आरपाथ' या यादीचा. ही डिरेक्टऱ्यांची यादी आज्ञावली बांधणाराने तिच्या फाइलीतच कोरून ठेवलेली असते. दुसरा मान 'एलडी_लायब्ररी_पाथ' या चलाचा. ही यादी आज्ञावली सुरू करणारा मनुष्य आयत्या वेळी तिच्या हाती देतो. तिसरी यादी 'रनपाथ', तीही फाइलीतच कोरलेली. चौथे स्थान '/ईटीसी/एलडी.एसओ.कॅश' या तयार सूचीचे. आणि अखेरीस '/लिब' व '/यूएसआर/लिब' या परंपरागत जागा अथवा त्यांच्या ६४ बिटी जोडीदार.

आरपाथ व रनपाथ या दोन्ही याद्या बांधणाराच्याच असताना एक आधी व एक नंतर का, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. प्रारंभी आरपाथ तेवढी होती. तिला अग्रमान असल्याने वापरणारास काही बदल करावयाचा झाला तरी करता येत नसे. बांधणाराचा शब्द अंतिम ठरे. म्हणून वापरणाराच्या मागे उभी राहणारी रनपाथ योजण्यात आली, आणि फाइलीत रनपाथ असेल तर आरपाथकडे दुर्लक्ष करावे असे ठरले. पण या दोहोंत दुसराही एक भेद आहे, आणि जाणत्या माणसांचीही फसगत होते ती तेथेच. आरपाथ वारसाहक्काने खाली उतरते : आज्ञावलीची आरपाथ तिने आणलेल्या लायब्ररीच्या गरजांसाठीही पाहिली जाते. रनपाथ तशी उतरत नाही. ती ज्या फाइलीत लिहिली आहे, तिच्या प्रत्यक्ष गरजांपुरतीच लागू असते.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, चित्रे दाखविणाऱ्या आज्ञावलीबरोबर लिबपीएनजी व झेडलिब या दोहोंच्या नव्या प्रती '/ऑप्ट/चित्र/लिब' या डिरेक्टरीत दिल्या आहेत, आणि आज्ञावलीच्या रनपाथमध्ये ती डिरेक्टरी नोंदली आहे. आज्ञावलीस प्रत्यक्ष हवी आहे ती लिबपीएनजी. झेडलिबची गरज लिबपीएनजीस आहे. लिंकर लिबपीएनजी शोधतो. रनपाथ पाहून ती '/ऑप्ट/चित्र/लिब' मध्ये मिळते. नंतर लिबपीएनजीच्या वतीने 'लिबझेड.एसओ.१' चा शोध सुरू होतो. लिबपीएनजीच्या फाइलीत स्वतःची रनपाथ नाही, आणि आज्ञावलीची तिला लागू नाही. म्हणून लिंकर तयार सूचीकडे वळतो आणि प्रणालीची जुनी झेडलिब उचलून आणतो. नवी प्रत शेजारच्याच फाइलीत असते. पण तिकडे कोणी पाहतच नाही. आज्ञावली चालते, चित्रही दिसते. पण ती कोणाच्या आज्ञांवर चालली आहे याविषयी बांधणाराची समजूत चुकीची असते.

शोध नावाचा, पारख अल्प

मिळालेल्या फाइलीची लिंकर कितपत पारख करतो? ती ईएलएफ साच्याची आहे काय आणि याच जातीच्या यंत्रासाठी आहे काय, एवढे तो पाहतो. ६४ बिटी आज्ञावलीसाठी शोधताना ३२ बिटी फाइल आढळली, तर ती ओलांडून तो पुढे जातो. याखेरीज जी पहिली मिळेल ती त्यास मान्य असते. पुढच्या जागी अधिक नवी किंवा अधिक योग्य प्रत असेल काय, याचा विचार तो करीत नाही. टपालवाल्याने पत्त्यावरील आडनावाचे पहिले घर दिसताच पत्र टाकून पुढे जावे, तसा हा प्रकार आहे.

ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी नावाच्या अंती आकडा असतो. 'लिबझेड.एसओ.१' मधील १ हा त्या लायब्ररीच्या बाह्य रूपाचा अंक होय. आतील दुरुस्त्या कितीही झाल्या तरी तो बदलत नाही. जुन्या आज्ञावलींशी जमणार नाही असा फरक केला, तरच तो वाढविला जातो. २००२ ची दुरुस्ती एवढ्या सहजी सर्वत्र पोचली ती यामुळेच. मूळ सी लायब्ररीच्या नावातील ६ हा अंक १९९७ पासून तसाच आहे. अर्थात् तीत नव्या गोष्टींची भर पडत आलेली आहे. म्हणून आज्ञावली आपल्याला कोणत्या पिढीची कार्ये लागतात हेही नोंदवून ठेवते. २०२१ च्या २.३४ आवृत्तीवर बांधलेली आज्ञावली त्याहून जुन्या प्रणालीवर नेली, तर ती बहुधा 'आवृत्ती सापडली नाही' अशी तक्रार करून थांबते. येथे लक्षात घेण्याची गोष्ट ही, की अशी तक्रार उद्भवल्यावर लिंकर दुसरी प्रत शोधण्यास परत फिरत नाही. शोध संपलेला असतो. ही तपासणी मागाहूनची असते.

तयार सूचीविषयीही थोडे सांगितले पाहिजे. शेकडो डिरेक्टऱ्या प्रत्येक वेळी धुंडाळणे परवडणार नाही, म्हणून 'एलडीकॉन्फिग' ही आज्ञावली नेमून दिलेल्या डिरेक्टऱ्या एकदाच पाहून सर्व नावांची क्रमवार सूची तयार करते. कोशात शब्द पाहावा तसे लिंकर तीत नाव झटपट शोधू शकतो. पण सूची ही ती तयार केली त्या दिवसाची असते. डेबियन प्रणालीत '/यूएसआर/लोकल/लिब' मध्ये एखादी नवी लायब्ररी ठेवली आणि एलडीकॉन्फिग चालविली नाही, तर आज्ञावली सुरू होताना 'अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही' असा संदेश येतो. फाइल तर समोर दिसते! नवशिक्यांस या संदेशाने जेवढे छळले असेल, तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने छळले असेल. संदेश लिहिणाराने 'सूचीत नाही' असे म्हटले असते, तर पुष्कळांचे श्रम वाचले असते.

रिकाम्या जागेचा धोका

वापरणाराच्या हाती असलेल्या एलडी_लायब्ररी_पाथ या यादीत डिरेक्टऱ्यांची नावे अपूर्णविरामाने वेगळी केलेली असतात. दोन अपूर्णविराम लागोपाठ आले, किंवा यादीच्या आरंभी वा शेवटी एखादा सुटा राहिला, तर तेथील रिकाम्या नावाचा अर्थ लिंकर 'चालू डिरेक्टरी' असा घेतो. म्हणजे वापरणारा त्या क्षणी जेथे काम करीत असेल ती. ही चूक घडते फार सहज. पुष्कळ ठिकाणी 'जुनी यादी, मग अपूर्णविराम, मग नवी डिरेक्टरी' अशी यादी बनविण्याची रीत आहे. जुनी यादी रिकामी असली की आरंभीचा अपूर्णविराम एकटा उरतो. त्यानंतर अनेकांच्या वापरातील एखाद्या डिरेक्टरीत जाऊन साधी आज्ञावली चालविली, आणि तेथे कोणी 'लिबझेड.एसओ.१' या नावाची स्वतःची फाइल मुद्दाम ठेवलेली असली, तर झेडलिब मागणारी आज्ञावली तीच उचलील. ती ठेवणाराच्या आज्ञा मग वापरणाराच्या सर्व अधिकारांनिशी चालतील.

विंडोज प्रणालीतही याच जातीचा धोका होता. तेथे चालू डिरेक्टरी शोधक्रमात पुष्कळ वर होती. २००४ च्या सुमारास ती खाली नेण्यात आली. तरीही २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टला याविषयी जाहीर इशारा द्यावा लागला, कारण दूरच्या सामायिक फोल्डरमधील एखादा दस्तऐवज उघडताच त्या शेजारची लायब्ररी उचलली जाऊ शकत होती.

सर्वांत नाजूक प्रसंग येतो तो अधिक अधिकाराने चालणाऱ्या आज्ञावलींचा. आपला परवलीचा शब्द बदलणारी 'पासडब्ल्यूडी' ही आज्ञावली सामान्य मनुष्य सुरू करतो, पण ती चालते मुख्य व्यवस्थापकाच्या अधिकाराने. सुरू करणारास तिच्या लायब्रऱ्या कोठून घ्यावयाच्या हे सांगता आले असते, तर कोणीही क्षणात व्यवस्थापक बनला असता. म्हणून अशा वेळी कर्नल लिंकरला सावधगिरीची खूण देतो, आणि लिंकर एलडी_लायब्ररी_पाथकडे पाहतही नाही. नियम साधा आहे, पण तो पाळणारी आज्ञावली मनुष्यानेच लिहिलेली असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये क्वालिस या संस्थेच्या संशोधकांनी लिंकरमध्येच एक दोष दाखवून दिला. एप्रिल २०२१ मधील एका बदलामुळे दुसऱ्याच एका चलाचे मूल्य वाचताना लिंकर नेमलेल्या जागेबाहेर लिहू शकत होता. या गळतीचा उपयोग करून त्यांनी स्मृतीतील आरपाथची नोंद बदलून दाखविली. मग विश्वासाने चालणारी 'एसयू' ही आज्ञावली आपली लिबसी आक्रमकाच्या डिरेक्टरीतून आणू लागली. फेडोरा, उबुंटू व डेबियन यांच्या तत्कालीन आवृत्तींवर हा प्रयोग यशस्वी झाला. शोधक्रम समजण्याचे महत्त्व यावरून कळून येते : आक्रमकाने एसयूच्या फाइलीतील एकही आज्ञा बदलली नव्हती, बदलली होती ती केवळ शोधाची जागा.

दुरुस्त फाइल योग्य जागी ठेवल्याने तरी काम पुरे होते काय? तेही नाही. लिंकर शोधतो तो आरंभी. जी आज्ञावली आधीच चालू आहे, ती स्मृतीत मांडलेली जुनी प्रत वापरीत राहते. डिस्कवरील जुनी फाइल पुसली तरी तिचा अखेरचा वापर संपेपर्यंत कर्नल ती जपून ठेवतो. एप्रिल २०१४ मध्ये 'ओपनएसएसएल' या गुप्तलेखनाच्या लायब्ररीत 'हार्टब्लीड' नावाने प्रसिद्ध झालेला दोष आढळला, तेव्हा नवी लायब्ररी बसविल्यावर प्रत्येक सेवा बंद करून पुन्हा सुरू करणे भाग पडले. महिनोन् महिने न थांबता चालणारे सर्व्हर, जे एरवी अभिमानाचा विषय असतात, तेच त्या आठवड्यात चिंतेचा विषय झाले.

शोधच नको म्हणणारे

काही प्रणालींनी वेगळा मार्ग धरला आहे. 'निक्स' या पद्धतीत प्रत्येक लायब्ररी स्वतःच्या स्वतंत्र डिरेक्टरीत राहते. ती कोणत्या साहित्यापासून कशी बांधली, यावरून काढलेला एक लांबलचक संकेत त्या डिरेक्टरीच्या नावातच असतो, आणि आज्ञावलीच्या रनपाथमध्ये अशा सर्व डिरेक्टऱ्यांची यादी असते. भलतीच प्रत हाती लागण्याची भीती येथे जवळजवळ राहत नाही. परंतु शोधाचे श्रम वाढतात. २० लायब्रऱ्या २० वेगवेगळ्या डिरेक्टऱ्यांत असतील आणि यादीचा क्रमही तोच असेल, तर पहिली एका प्रयत्नात मिळते, दुसरी दोन प्रयत्नांत, विसावी वीस प्रयत्नांत. एकूण प्रयत्न २१० होतात व त्यांतील १९० वाया जातात. एका संगणकावर हे जाणवतही नाही. परंतु महासंगणकात एकच आज्ञावली हजारो घटकांवर एकाच क्षणी सुरू होते आणि सारे घटक एकाच सामायिक डिस्कवर तुटून पडतात, तेव्हा गणित सुरू होण्यापूर्वीच बराच वेळ निघून जातो. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने यासाठी 'स्पिंडल' नावाचे साधन तयार केले. त्यात मोजकेच घटक डिस्कवर शोध घेतात आणि सापडलेल्या फाइली इतरांस जाळ्यावरून वाटतात.

लिंकरचा हा शोध डोळ्यांनी पाहता येतो. डेबियन प्रणालीवर टर्मिनल उघडून 'एलडी_डीबग' या चलास 'लिब्स' हे मूल्य द्यावे व त्याच ओळीत पुढे 'एलएस' ही फाइलींची यादी दाखविणारी आज्ञा लिहावी. (चलाचे नाव रोमन लिपीत मोठ्या अक्षरांत, मूल्य व आज्ञा लहान अक्षरांत.) यादीच्या आधी लिंकरचे बोलणे पडद्यावर उमटते : कोणते नाव हवे, सूचीत पाहिले काय, कोणती फाइल उघडून पाहिली. तेथे प्रथम 'लिबएसईलिनक्स' व 'लिबसी' यांची नावे येतात, कारण एलएसला त्या प्रत्यक्ष हव्या असतात. 'लिबपीसीआरई२' हे नाव त्यांच्यानंतर येते, कारण ती लिबएसईलिनक्सची गरज आहे. हीच आज्ञा एलडी_लायब्ररी_पाथमध्ये एखाद्या रिकाम्या डिरेक्टरीचे नाव घालून पुन्हा द्यावी. सूचीकडे वळण्यापूर्वी लिंकर त्या रिकाम्या डिरेक्टरीत डोकावून येतो, आणि तेथे पाहिलेल्या प्रत्येक जागेची एक ओळ छापतो.